पेन्शनचा फॉर्म आणि वहिनीची तार

माझ्या आयुष्याचा मध्य कुठे आहे, हा प्रश्न मला सहासष्टाव्या वर्षी एका छापील फॉर्मने विचारला. त्याआधी तो कुणीच विचारला नव्हता. बायकोने विचारला नाही, कारण तिला उत्तर माहीत आहे असं तिला वाटायचं. मी स्वतःला विचारला नाही, कारण असल्या प्रश्नांशी बसायला मला कधी वेळच नसायचा.

फॉर्म जर्मनीहून आला होता. तिथल्या एका लहानशा गावात, यंत्रांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काम केलं. गेलो होतो सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला. बुलढाण्याला आयटीआय केलेला, औरंगाबादेत दहा वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. तिथल्या लोकांना माझा हात आवडला आणि त्यांनी ठेवूनच घेतलं. निवृत्त झाल्यावर बायको आणि मी आमच्या गावी, धाडला परत आलो. मुलगी तिकडेच नोकरी करते. कंपनी दर महिन्याला पेन्शन पाठवते आणि पाठवण्याआधी त्यातून तिकडचा कर कापते. परत आल्यावर तीन वर्षं हे असंच चाललं आणि मी काही बोललो नाही. त्या देशाने आपल्याला पोसलं, कापतात तर कापू देत, असा माझा मोठेपणा होता.

मग कंपनीचं पत्र आलं. जे निवृत्त कर्मचारी कायमचे परदेशात राहतात त्यांना या कपातीतून सूट मिळू शकते, असं त्यात लिहिलं होतं. परदेशात, म्हणजे माझ्या बाबतीत धाडला. बुलढाणा जिल्हा हा कुणासाठी तरी परदेश आहे, हे वाचून मी एकटाच हसत बसलो. दोन्ही देशांमध्ये करार आहे आणि त्याप्रमाणे अशा पेन्शनवर कर एकाच ठिकाणी लागायचा, माणूस जिथे राहतो तिथे. फक्त तुम्ही तिथे खरोखर राहता, असा तिथल्या कर कार्यालयाचा दाखला जोडायचा आणि वर्ष संपायच्या आत अर्ज पोचवायचा. नाही पोचला तर पुढचं वर्षभर पुन्हा कपात.

हक्काची गोष्ट आहे म्हटल्यावर माझा मोठेपणा कुठल्या कुठे पळाला. शिवाय मला फॉर्म आवडतात, हे कबूल केलं पाहिजे. रांगेत उभ्या असलेल्या रिकाम्या चौकटी पाहिल्या की माझी बोटं शिवशिवतात. मी नवी फाइल काढली, तिला रंगीत चिठ्ठ्या लावल्या, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानावरच अडलो. तुमच्या आयुष्याचा मध्य कोणत्या देशात आहे? घर, माणसं, रोजचं येणंजाणं, याचा विचार करून उत्तर द्यावे.

मी "भारत" लिहिलं आणि पुढे गेलो. एवढं सोपं वाटलं मला ते.

धाडला आम्ही ज्या घरात राहतो ते घर दादाचं. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याने शेती धरली, मिरची आणि कांदा करतो, आणि अजून स्वतः मोटारसायकलवर शेतात जातो. आम्ही परत यायच्या आधी त्याने मागच्या दोन खोल्यांना फरशी बसवून घेतली होती आणि मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ये तू. बाकीचं पाहू." बाकीचं म्हणजे काय ते कधी पाहिलंच नाही. खाणं एका चुलीवर, चहा एका पातेल्यात.

सकाळी साडेसहाला आम्ही दोघे भाऊ घरापुढच्या ओट्यावर चहा प्यायचो. साडेसहाला म्हणजे मी साडेसहाला. दादा कधी सव्वासहाला यायचा, कधी सातला, आणि मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणायचा, "तुह्यी गाडी सुटून राह्यली का बे?" मग आमचं भांडण सुरू व्हायचं. मोटार किती वाजता चालू करायची यावरून, वांग्याला पाणी जास्त झालं यावरून, आणि मी बाजारात भाव न करता पैसे देतो यावरून. माझा स्वभाव तापट, त्याचा खवचट. शेजारचे लोक आमचं भांडण ऐकत दात घासायचे. मला त्या अर्ध्या तासासारखं सुख एकतीस वर्षांत मिळालं नव्हतं.

आणि वहिनीची तार. स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा आहे आणि त्यावर जाड तारेचा आकडा टांगलेला आहे. घरात आलेला प्रत्येक कागद वहिनी त्या तारेत मधोमध खुपसते. विजेचं बिल, बियाण्याची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, कशाचीही सुटका नाही. एक तार भरली की ती उतरवून कपाटावर ठेवायची आणि खिळ्याला दुसरी लावायची. पहिल्या आठवड्यात माझ्या चष्म्याच्या गॅरंटी कार्डाला आरपार भोक पडलेलं पाहून मी ओरडलो होतो. मग तिला एक सुंदर फाइल आणून दिली, आतमध्ये बारा कप्पे. वहिनीने तिचं मनापासून कौतुक केलं आणि उन्हाळ्यात पापडांखालचं प्लॅस्टिक उडू नये म्हणून ती कडेला वजनाला ठेवली.

तर फॉर्म घेऊन मी बुलढाण्याला गेलो. तिथे एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक तरुण सीए बसते. माहेरची धामणगाव बढ्याची, बोलायला फटकळ, कामाला पक्की. सगळे तिला ताई म्हणतात, वयाने तिच्या दुप्पट असलेलेसुद्धा. तिने फॉर्म वाचला, पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "काका, तारखा बराबर हायत. आल्यापासून तुमी देशाबाहेर गेले नाही, हे दिसते. आता पत्त्याचा पुरावा द्या."

मी म्हटलं, "धाड."

"धाड मले माहीत हाय. कागद दाखवा."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या रंगीत चिठ्ठ्यांच्या फाइलमध्ये तेवढाच कागद नाही. घर दादाच्या नावावर. विजेचं मीटर वडिलांच्या नावावर, आणि वडिलांना जाऊन अठरा वर्षं झाली. बिल मात्र अजून त्यांनाच येतं आणि ते वेळेवर भरलं जातं. गॅस वहिनीच्या नावावर. रेशन कार्डावर मी नाही. शेताच्या उताऱ्यावर माझं नाव आहे, पण शेत आहे म्हणजे माणूस तिथे राहतोच असं नाही. राहता राहिलं आधार कार्ड. ते मी एकदा सुट्टीवर आलो असताना बायकोच्या माहेरी, अमडापूरला काढलं होतं, मेव्हण्याच्या पत्त्यावर.

ताईने आधार कार्ड हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे कागदावर तुमी घरजावई हाय, काका."

मी तिथेच तापलो. तीन वर्षं ज्या घरात जेवतो, झोपतो, भांडतो, तिथे मी राहत नाही म्हणजे काय? ती शांतपणे म्हणाली, "चिडू नका. आधारचा पत्ता बदलून घेऊ. तुमच्या घरच्या मोठ्या मानसाले एकदा घेऊन या. बाकीचं मी पाहतो." आमच्याकडे बायका "पाहतो" म्हणतात, त्याची मला परत सवय व्हायला बरेच दिवस लागले होते.

दादाला घेऊन या, हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. बहात्तर वर्षांच्या माणसाला मिरची तोडणीच्या दिवसांत माझ्या पेन्शनीसाठी बुलढाण्याला कशाला हेलपाटा? आणि खरं सांगायचं तर एकतीस वर्षांत मला एक सवय लागली होती. तिकडे दोन माणसांमध्ये काही असेल तर ते कागदावर असतं आणि कागद असला की कुणाचं मन दुखत नाही. मी जिना उतरलो, कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडे गेलो आणि भाडेकरार करून घेतला. घरमालक, माझा सख्खा भाऊ. भाडेकरू, मी. भाड्याची रक्कम नावापुरती. टायपिंगवाल्याकडे नमुना तयारच होता, त्याने नावं घातली आणि पाच मिनिटांत स्टॅम्पपेपर माझ्या हातात दिला. बसमध्ये मी तो दोनदा वाचला आणि स्वतःवर खूष झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी तो दादासमोर ठेवला. वर पेनही ठेवलं.

दादाने बशी खाली ठेवली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तो शाळेत असल्यापासून मोठ्यानेच वाचतो. घरमालक यापुढे लिहून देणार, भाडेकरू यापुढे लिहून घेणार. भाडेकरू भिंतींना खिळे ठोकणार नाही. भाडेकरू घरमालकाच्या परवानगीशिवाय पाहुणे ठेवणार नाही. मी म्हटलं, "दादा, ते तसंच असतं, तू खाली सही कर." तो वाचत राहिला. मग ते कलम आलं. घरमालकास एक महिन्याची नोटीस देऊन भाडेकरूस घर रिकामे करण्यास सांगता येईल व भाडेकरू त्यास हरकत घेणार नाही.

तिथे तो थांबला.

"म्हंजे मी तुले घराबाहेर काढू शकतो?"

"तसं लिहायचं असतं, दादा."

"आन तू हरकत घेनार नाही?"

मी काहीतरी बोललो. नमुना आहे, सगळ्यांचा असाच असतो, सूट मिळण्यापुरता आहे. दादाने चष्मा काढून खिशात ठेवला, कागदाची नीट घडी घालून तीही खिशात टाकली आणि उठताना म्हणाला, "ठीक हाय. तुमचं बराबर असंन."

तुमचं. आयुष्यात पहिल्यांदा दादाने मला तुम्ही केलं होतं.

त्यानंतर आमचं भांडण बंद झालं. सकाळी तो चहा घ्यायचा तो उभ्याउभ्या स्वयंपाकघरात, आणि शेतात निघून जायचा. मी मुद्दाम म्हटलं की मोटार फार वेळ चालते, तर म्हणायचा, "तुमी म्हनता तर बंद करतो." मी म्हटलं की वांगी किडली, तर म्हणायचा, "हाव, किडली असंन." चिडलेला दादा मला झेपतो, हा नम्र दादा झेपेना. त्याने मला पाहुण्याच्या जागी नेऊन बसवलं होतं आणि तिथून उठायचं कसं ते मला कळत नव्हतं. सूट मिळो न मिळो, त्याचं मला काही राहिलं नव्हतं. दादा मला पुन्हा "तू" म्हणेल का, हे एवढंच मी सकाळ-संध्याकाळ पाहत होतो.

बायकोने माझी चांगलीच काढली. ती एरवी मला सांभाळून घेते. "तिकडं घरमालकाला भाडं दिलं तेव्हा तो आपल्याला जेवायला बोलवत होता का? मग इथं कशाला तिकडचा हिशोब लावता? भासऱ्यांनी तुमच्यासाठी फरशी बसवली, तुम्ही त्यांना नोटीस दिली." मी म्हटलं, नोटीस मी दिली नाही, नोटीस देण्याचा अधिकार त्याला दिला.

ही गोष्ट घरातून बाहेर कशी गेली ते मला माहीत नाही, पण धाडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ती सगळ्या बाजारात होती. मेथी विकणाऱ्या मावशीने जुडी देता देता विचारलं की आता चूल वेगळी का. सलूनवाल्याने माझ्या गालाला साबण लावला, म्हणजे मी बोलू शकणार नाही याची खात्री करून घेतली, आणि विचारलं, "साहेब, खोली लायटीसकट भेटली का लायट अलग?" बाकावर बसलेले चौघे इतके हसले की एकाच्या हातातलं वर्तमानपत्र फाटलं. मला राग आला आणि आरशात पाहिलं तर हसूही आलं. साबणाच्या फेसातून माझे दोनच डोळे दिसत होते आणि ते अगदी भाडेकरूचे होते.

पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी मी बुलढाण्याला निघालो होतो, ताईला सांगायला की यंदाचं राहू द्या. स्टँडवर जीप भरत होती. मी मागच्या बाकावर बसलो, आणि पाहतो तर दादा येत होता. धुतलेला सदरा, टोपी, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीतून तारेचं टोक बाहेर आलं होतं.

तो माझ्या शेजारी बसला. पिशवी त्याने मांडीवर घेतली. जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो आणि ते तारेचं टोक प्रत्येक खड्ड्याला समोरच्या बाईच्या टोपलीत घुसत होतं. तिने तीनदा ते बाहेर काढलं आणि चौथ्यांदा विचारलं, "काय हाय हो बाबा ह्या पिशवीत?"

"पुरावा," दादा म्हणाला.

ताईच्या टेबलावर त्याने पिशवी उलटी केली. वहिनीच्या तीन तारा. एक खिळ्यावरची आणि दोन कपाटावरच्या जुन्या, धुळीसकट. "आमच्या घरचीनं देल्ल्या," तो म्हणाला. "तिनं म्हटलं, भाऊजी इथं राह्यतात का नाही, हे ह्याच्यात सापडलंच पाह्यजे. बिलं तं आमच्या बापाच्या नावची. पन ह्या पत्रिका पाहा."

लग्नपत्रिका. आमच्या घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्या लग्नांच्या, मधोमध भोक पडलेल्या, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट उमटलेल्या. ताईने पहिली काढली. खाली निमंत्रकांची नावं होती. पहिलं दादाचं, दुसरं माझं. आमच्याकडे नावापुढे कंसात गाव छापतात, म्हणजे कोण कुठला ते पाहुण्यांना कळतं. कुणापुढे पुणे, कुणापुढे नागपूर, कुणापुढे अकोला. माझ्या नावापुढे धाड.

"वा," ताई म्हणाली. दुसरी काढली. लग्नाचा व्यवस्थापक म्हणून माझं नाव. धाड. तिसरी, चौथी, पाचवी. ती भराभर काढत गेली आणि मग तिचा हात मंद झाला. तिने एक पत्रिका उजेडात धरली, तारीख पाहिली, दुसरी पाहिली, मग माझा पासपोर्ट पुन्हा उघडला.

"काका, ह्या लग्नाले तुमी होते?"

मी पत्रिका घेतली. दादाच्या मोठ्या मुलीचं लग्न. मला चांगलं आठवत होतं, कारण त्या दिवशी मी नव्हतो. रजा मिळाली नव्हती. दारापुढचा बर्फ फावड्याने उपसून मी कामावर गेलो होतो आणि दुपारच्या सुट्टीत कारखान्यामागे उभा राहून अक्षता पडल्या असतील का, याचा अंदाज घेत होतो. आणि इथे, धाडच्या मांडवात, त्या दिवशी मी व्यवस्थापक होतो.

"नव्हतो," मी म्हटलं.

"ह्याले?"

"नव्हतो."

"आन ह्याले?"

त्यालाही नव्हतो. एकतीस वर्षांतल्या पत्रिका होत्या त्या. पिवळ्या पडलेल्या, गुलाबी, सोनेरी अक्षरांच्या, गणपतीचं चित्र दरवेळी वेगळं. एकाही पत्रिकेतून माझं नाव सुटलं नव्हतं. एकाही ठिकाणी कंसात जर्मनी नव्हतं.

ताई खुर्चीत मागे टेकली आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बाबा, ह्या कागदांपरमानं तं काका कधी गेलेच नाही! हे जर मी सरकारले दाखवलं, तं तिकडचे म्हनतीन, हा मानूस आमच्या कारखान्यात आलाच नाही, पेन्शन कायची?"

दादा गोंधळला. त्याच्या दृष्टीने त्याने बिनतोड पुरावा आणला होता. "मंग काय लिहाचं होतं? जर्मनी लिहलं असतं, तं लोकायनं म्हटलं असतं पाव्हना हाय. पाव्हन्याले कोनी व्यवस्थापक करते का?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागलो, खाली मेडिकलसमोर कुणीतरी मोटारसायकल आडवी लावली होती, तिच्याकडे पाहत राहिलो. एकतीस वर्षं मी समजत होतो की मी गेलो आणि माझी जागा भरली गेली. जागा कुणी भरली नव्हती. दर लग्नाला दादा छापखान्यात जाऊन माझं नाव दुसऱ्या नंबरवर सांगत होता आणि घरी येऊन मला फोनवर त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हता.

ताईने शेवटी खिळ्यावरची तार हातात घेतली आणि थांबली. "हे काय?"

सगळ्यात वरचा कागद स्टॅम्पपेपर होता. माझा भाडेकरार. त्याच्याही मधोमध भोक. दादाची सही होती त्यावर, प्रत्येक पानावर, शाळेत शिकवली होती तशी गोल अक्षरांत. आणि नोटिशीच्या कलमावर त्याने निळ्या पेनाने आडव्या रेघा मारल्या होत्या. एक नाही, सहा-सात. खालचा कागद फाटायचा तेवढा बाकी होता.

"सही केली तू?" मी विचारलं.

"तुह्यं काम अडून राह्यलं होतं ना बे," दादा म्हणाला. "पन ते घराबाहेर काढाचं मी नाही लिहून देत. बाकी खिळे-बिळे काय असंन ते असंन."

तुह्यं. बे. मी पटकन चष्मा पुसायला घेतला. मला त्या ऑफिसात, फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये, मोठ्याने ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. मी म्हटलं, "खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, तेवढं तुला कळत नाही का?"

"मले शिकवू नको," दादा म्हणाला, आणि आम्ही ताईच्या समोर भांडायला लागलो. पंधरा दिवसांचं साचलेलं होतं. त्यात मोटार आली, वांगी आली, सलूनवाला आला. ताईने दोघांसाठी पाणी मागवलं आणि आमचं संपेपर्यंत दुसरं काम केलं.

मग ती म्हणाली, "झालं? आता ऐका. हा करार मले लागत नाही. मी काकाले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, घरच्या मोठ्या मानसाले घेऊन या. आधारवर पत्ता बदलाले कुटुंबप्रमुखाचं हो म्हननं पुरते. बाबा, हा तुमचा भाऊ तुमच्या घरात राह्यते का?"

दादाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय विचारनं झालं? मंग कुठं राह्यीन?"

"हो म्हना फक्त."

"हाव," दादा म्हणाला.

एवढंच लागणार होतं. पंधरा दिवसांपूर्वी मी त्याला सोबत आणलं असतं तर तेव्हाच मिळालं असतं. पण मग त्या पत्रिका वहिनीच्या कपाटावर धूळ खात राहिल्या असत्या आणि मला कधी कळलं नसतं. म्हणून माझ्या त्या मूर्खपणाचा मला आता पस्तावा होत नाही. थोडा होतो, सलूनमध्ये गेल्यावर.

परतताना आम्ही स्टँडजवळ गरम आलूबोंडे खाल्ले. दादाने विचारलं की आता कर कुठेच भरायचा नाही का. मी सांगितलं की तसं नाही, जिथे राहतो तिथे भरायचा, म्हणजे इथे. त्याला ते एकदम पटलं. "इथं राह्यतं तं इथं भर," तो म्हणाला आणि माझ्या कागदातला शेवटचा बोंडा उचलला.

पत्ता बदलला. ग्रामपंचायतीने रहिवासी दाखला दिला. ताईने अर्ज केला, कर कार्यालयाचा दाखला आला, आणि मी सगळं रंगीत चिठ्ठ्यांसकट तिकडे पाठवलं, वर्ष संपायच्या बरंच आधी. फॉर्म पाकिटात घालण्याआधी मी पहिलं पान पुन्हा काढलं. आयुष्याचा मध्य कुठे, या चौकटीत मी "भारत" लिहिलं होतं. चौकटीत जागा उरली होती. मी स्वल्पविराम देऊन "धाड" लिहिलं. तिकडे ते कुणी वाचलं की नाही कोण जाणे.

उत्तर आलं तेव्हा आम्ही ओट्यावर होतो. कालचं राहिलेलं पाकीट पोस्टमनने कामावर जाता जाता दिलं. आत एकच पान, जाड कागद, वर शिक्का. सूट मंजूर. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आधी जर्मनमध्ये, म्हणजे सगळ्यांवर छाप पडावी म्हणून, मग मराठीत. बायकोने साखर आणली. वहिनीने हात पुसून पत्रासाठी पुढे केला.

असलं पत्र मी आयुष्यात कधी दुमडलंसुद्धा नसतं. मग मी उठलो, खिळ्यावरची तार काढली आणि ते पत्र स्वतःच्या हाताने शिक्क्याच्या बरोबर मधून तिच्यात खुपसलं. दादाच्या सहीच्या स्टॅम्पपेपरवर ते जाऊन बसलं.

"खाली अजून काय लिहेल हाय, भाऊजी?" वहिनीने विचारलं. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती.

"काही नाही. राहण्याचं ठिकाण बदललं तर ताबडतोब कळवावे, असं म्हणतात."

दादाने बशीतला चहा फुंकला. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि शेतात जायला त्याला उशीर झाला होता.

"काऊन बदलन बे?" तो म्हणाला.